पुढच्या दहा वर्षांत टेबलावरची स्क्रीन केवढी असेल? आडवी, उभी की चौकोनी?

दीडशहाणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माझा मॉनिटर गेला. १९ इंची, जवळजवळ चौकोनी, १२८० बाय १०२४ ठिपके. २००८ मध्ये घेतला होता, सतरा वर्षं नांदला. आधी उजव्या बाजूला एक हिरवी उभी रेघ आली, मग तिची बहीण आली, आणि मंगळवारी भाषांतराचं शेवटचं पान चालू असताना त्याने डोळे मिटले. मेनरोडला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, चौकोनी आता फक्त सीसीटीव्हीवाले मागतात, तेही सेकंडहँड."

तात्पुरता भाच्याचा रुंद मॉनिटर आणलाय. तोही १९ इंचच. पण वर्डचं पान उघडलं की वर तीन पट्ट्या, खाली एक पट्टी, आणि मधे उरतात बारा-चौदा ओळी. दाराच्या फटीतून वरात बघितल्यासारखं वाटतं.

शेवटी मोजपट्टी काढली. कर्ण दोघांचा १९. जुन्याची उंची ११.९ इंच, याची ९.३. क्षेत्रफळ जुन्याचं १७६ चौरस इंच, याचं १५४. म्हणजे इंच तेवढेच आणि काच बारा टक्के कमी! रेशन दुकानात माप आतून चेपलेलं असायचं, त्याची आठवण झाली.

आता जो घेईन तो दहा वर्षं तरी वापरायचा आहे. म्हणून प्रश्न असा, की हे प्रकरण चाललंय कुठे? अजून रुंद होणार, की पुन्हा उंच? आणि मुळात ही १६:९ ची (रुंदी सोळा तर उंची नऊ) भानगड कुणी ठरवली?

---

अर्धा चहा

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

गुलाबी पेन्सिल

डेस्कटॉप म्हणजे ते टेबलाखाली पाय ठेवायच्या जागी असतं ते ना काका? (ह. घ्या.)

---

दीडशहाणा

हो बाळा, तेच. थंडीत पायाला ऊबही मिळते.

---

काचेचं घर

याच धंद्यात काही वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

४:३ हे माप संगणकाचं नाही, टीव्हीचंही नाही. ते मूकपटांच्या काळातल्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीवरून आलं. टीव्हीने ते उचललं, आणि संगणकाने टीव्हीची नळी उचलली. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए हे पडद्यावरच्या चित्राचं मानक आणलं तेव्हा ६४० बाय ४८० म्हणजे ४:३च. तुमचा १२८० बाय १०२४ मात्र ५:४. त्या घराण्यातला शेवटचा बुटका आणि गुटगुटीत भाऊ म्हणा.

१६:९ ठरलं ते १९८०च्या दशकात, केर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्हीच्या तंत्रज्ञांच्या संस्थेत मांडलेल्या हिशोबावरून. किस्सा असा सांगतात की त्याने सिनेमा-टीव्हीच्या चालू मापांचे समान क्षेत्रफळाचे आयत कागदातून कापले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना सामावून घेणारी बाहेरची चौकट जवळपास १.७७ निघाली, आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला भागही १.७७ च. गणितात बघायचं तर ४:३ आणि २.३५:१ यांचा भूमितीय मध्य काढा, १.७७ येतो. १६ भागिले ९ म्हणजे १.७८. म्हणजे हे माप कोणाचंच आवडतं नव्हतं, सगळ्यांची गैरसोय सारखी वाटून घेणारं होतं. वाटणीत कारकुनाचं, लेखकाचं, हिशोबनिसाचं मत कुणी विचारलंच नव्हतं. टीव्हीचा विषय होता तो.

संगणकावर मधे काही वर्षं १६:१० होतं (१६८० बाय १०५०, १९२० बाय १२००). ते बरं होतं. २००८-१० च्या सुमारास तेही जवळजवळ गेलं. कारण काच. पॅनेल, म्हणजे मॉनिटरचा काचेचा पडदा, एकेक बनत नाही. मोठी काच बनते, तिच्यातून पॅनेलं कापतात. कारखान्याच्या ८.५ पिढीची काच २२०० बाय २५०० मिलिमीटर. तिच्यातून ५५ इंची टीव्हीची बरोबर सहा पॅनेलं निघतात आणि कातरण फार उरत नाही. टीव्हीच्या मापावर सगळं बेतलेलं असताना वेगळ्या आकाराचा मॉनिटर कापायला कोण बसणार?

---

सुईदोरा

@काचेचं घर, आमच्या आईचं शिवणाचं दुकान होतं, त्यामुळे तुमचं लगेच समजलं. ब्लाउजपीस ८० सेंमीचा आला तर सगळ्या बायकांची फॅशन ८० सेंमीत बसते. लांब बाही हवी असेल तर म्हणायची, "बाई, कापड बसत नाही." कापड बसायचं, पण कातरण जास्त पडायची.

तुमच्याच काचेवर मी हिशोब करून बघितला. कडा सोडलेल्या नाहीत, ढोबळ आहे.

२७ इंची १६:९ म्हणजे साधारण ६० बाय ३४ सेंमी. २५० मधे ६० चार वेळा, २२० मधे ३४ सहा वेळा. २४ नग.

२८ इंची ३:२ म्हणजे ६० बाय ४०. चार वेळा आणि पाच वेळा. २० नग.

म्हणजे चार नग गेले! आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणणार, "एकच इंच जास्त आहे की हो, मग एवढे पैसे कसले?"

---

काचेचं घर

दंडवत. तुम्हाला नोकरी द्यायला हवी होती आमच्याकडे. फक्त एक भर. आता एकाच काचेवर दोन वेगळी मापं मिसळूनही कापतात. मोठ्याच्या कडेला उरलेल्या पट्टीत छोटी.

---

सुईदोरा

उरलेल्या कापडात भाचीचा फ्रॉक. आईने हे कधीच केलं होतं.

---

ह्यूस्टनचा तात्या

मंडळी, चौकोनी-बिकोनीत अडकू नका. भविष्य रुंदच आहे. माझ्याकडे ४९ इंची ३२:९ आहे, वक्र. दोन २७ इंची मॉनिटर मधली फट काढून चिकटवले की जे होतं ते. डावीकडे कोड, मधे ब्राउझर, उजवीकडे मेल आणि एका कोपऱ्यात क्रिकेट. सॅमसंगने २०१७ मध्ये पहिल्यांदा हा आकार आणला तेव्हा लोक हसले होते. आता ५७ इंची मिळतो, म्हणजे दोन ४के (आडवे जवळपास चार हजार ठिपके) शेजारी शेजारी. एकदा सवय झाली की मागे जाता येत नाही. माणसाला डोळे शेजारी शेजारी दिलेत, एकावर एक नाही!

---

रात्रपाळी

तात्या, तुम्ही आमच्याच टीममधे आहात का हो? कारण आमच्याकडेही ह्यूस्टनला एक साहेब आहेत. रोज रात्री साडेनऊला मीटिंगमधे आख्खी स्क्रीन शेअर करतात. आम्हाला हिंजवडीत लॅपटॉपवर दिसते ती मधोमध एक बारीक पट्टी, वर काळं, खाली काळं, आणि त्यात मुंग्यांची रांग. "कॅन यू सी माय स्क्रीन?" म्हणतात. दिसते हो. वाचता येत नाही एवढंच.

एकदा क्रिकेटही दिसलं होतं.

---

ह्यूस्टनचा तात्या

😀 वकिलाशी बोलल्याशिवाय या प्रतिसादाला उत्तर देणार नाही.

---

खिळेवाला

तीस वर्षं छपाईत आहे, आधी खिळे जुळवायचे दिवस, मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका माळ्यावर आमचं पहिलं मशीन आलं तेव्हा चपला बाहेर काढून आत जायचो. १५ इंची बोजड नळीचा मॉनिटर, त्यावर वहिनींनी विणलेलं क्रोशाचं कव्हर, समोर काचेचा फिल्टर टांगलेला. पडद्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे. डेमी १/८ चं (पुस्तकाचं नेहमीचं माप) एक पान खऱ्या मापात दिसायचं नाही. अर्धं बघायचं, सरकवायचं, उरलेलं बघायचं. शुद्धलेखन तपासणाऱ्या बाई म्हणायच्या, "पानाचं डोकं दिसतंय तर पाय नाही."

मग १६:१० चा २४ इंची आला. त्याची रुंदी ५२ सेंमी, उंची ३२. ए४ ची दोन पानं शेजारी ठेवा, ४२ बाय २९.७. दोन्ही पानं खऱ्या मापात, वर मेनूलाही दोन बोटं जागा. मी त्या दिवशी चहा पाजला होता सगळ्यांना. त्यानंतर आलेल्या २४ इंची १६:९ ची उंची २९.९. पानं बसतात, मेनू बसत नाही. आता सांगा, कुणाच्या सोयीसाठी झालं हे?

आणि आपली लिपी. इंग्रजी मजकूर घट्ट बसतो. आपल्याला वर वेलांटी, रफार, मात्रा, खाली उकार. दोन ओळींत हवा सोडावी लागते. त्याच उंचीत इंग्रजीच्या चाळीस ओळी बसल्या तर आपल्या तीस-बत्तीस. उंची कापली की मार देवनागरीला जास्त बसतो. हे परदेशात बसून पॅनेल ठरवणाऱ्याला कुठून कळणार?

---

मोरपीस

+१ खिळेवाला. पण एक शंका. आपली पोथी तर आडवी असते! लांबच लांब, बुटकी. २१:९ च म्हणा की. आजोबा रोज सकाळी चौरंगावर ठेवून वाचायचे, पान वर उलटायचं. मग आपल्या पूर्वजांना रुंद पडदा चालत होता असं नाही का?

---

खिळेवाला

चांगला प्रश्न. पोथी आडवी झाली ती वाचकाच्या सोयीने नाही, ताडपत्राच्या आकाराने. झाडाचं पान जसं निघालं तसं ग्रंथाचं पान झालं. पुढे कागद आला, तरी आकार तोच राहिला, सवयीने. म्हणजे तीच गोष्ट, माल ज्या मापात निघतो त्या मापात ज्ञान बसवायचं. 😀

दुसरं, आजोबा वाचत होते ते मोठ्याने, आणि निम्मं पाठ होतं. ओळीच्या शेवटावरून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना नजर चुकली तरी जीभ चुकत नाही. नवा मजकूर तेवढ्या लांब ओळीत वाचून बघा. वर्तमानपत्राचं पान एवढं मोठं असून रकाने का पाडतात?

---

मोरपीस

पटलं. बाकी आजोबांचं बोट ओळीवरून फिरायचं, तो त्यांचा माउस होता.

---

अर्धा चहा

आलो. रुमाल उचलतो.

सगळे आकाराबद्दल बोलताहेत, मी बारकाव्याबद्दल बोलतो. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ६० सेंमीवरून बघताना तेवढ्या कोनात येतात ०.१७५ मिमी. २४ इंची साध्या एचडी मॉनिटरचा एक ठिपका ०.२७७ मिमी, म्हणजे ठिपके दिसतात. "ष्ट्र" किंवा "द्ध्य" लिहून बघा, लहान अक्षरात डाग पडल्यासारखा दिसतो. २७ इंची ४के चा ठिपका ०.१५६. डोळ्याच्या मर्यादेच्या आत गेला. ऍपलने २०१४ मध्ये २७ इंचात ५के दिला, तो तर आणखी बारीक.

सांगायचं काय, तर ठिपके वाढवण्याची शर्यत टेबलापुरती जवळजवळ संपलीय. डेलने २०१७ मध्येच ३२ इंची ८के काढला होता, शेजारीपाजारी कुणाकडे बघितलात का? तेव्हा विकायला काहीतरी नवं लागणार, आणि ते नवं म्हणजे आकार. म्हणून पुढच्या दहा वर्षांत आकारांची चंगळ होईल असं माझं भाकीत. आताच बघा ना. एलजीचा २०२२ मधला १६:१८, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त, दोन २१.५ इंची एकावर एक रचल्यासारखा. हुआवेचा २०२१ चा २८ इंची ३:२. आयझोने २०१५ मध्ये पूर्ण चौरस काढला होता, १९२० बाय १९२०. कॅरमबोर्डच.

---

एक्सेलमावशी

चौरस? मला द्या. ताळेबंदाला लांबीही लागते आणि रुंदीही. बारा महिन्यांचे बारा रकाने आणि खाली दोनशे खाती.

मी मधे एक उद्योग केला. ४३ इंची ४के टीव्ही दिवाळीच्या ऑफरमधे आणून टेबलावर ठेवला. ९५ सेंमी रुंद, ५३ उंच. मार्चएंडला आख्खा ताळेबंद एका नजरेत! ऑफिसातल्या सगळ्या पोरी बघायला आल्या. तीन आठवडे स्वर्ग. चौथ्या आठवड्यात मान धरली. पहिली ओळ बघायला मान वर, बेरीज बघायला मान खाली, दिवसभर. फिजिओने विचारलं, "मावशी, नवीन काय सुरू केलंत?" टीव्ही आता हॉलमधे आहे, आणि मी परत २७ वर.

---

चष्मेबद्दूर

मावशी, तुम्ही प्रोग्रेसिव्ह वापरता का? वरून लांबचं, खालून जवळचं?

---

एक्सेलमावशी

हो. चाळिशी लागून बारा वर्षं झाली.

---

चष्मेबद्दूर

मग दोष टीव्हीचा नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, रोज एक तरी असा माणूस येतो. प्रोग्रेसिव्ह काचेत हातभर अंतरासाठी मधला पट्टा असतो, तो अरुंद असतो. त्याच्या वर लांबची नजर, खाली पुस्तकाची. उंच स्क्रीनची वरची ओळ वाचायची तर माणूस हनुवटी उचलतो, म्हणजे तो मधला पट्टा त्या ओळीवर येतो. दिवसातून पाचशे वेळा हनुवटी उचला, मान बोलणारच. तरुण मुलांना उंच मॉनिटरचं कौतुक, पन्नाशीच्या माणसाला त्याचीच शिक्षा. यावर उपाय आहे. स्क्रीनच्या अंतराचाच वेगळा चष्मा करून घ्या, आणि मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली ठेवा. बहुतेक घरांत मॉनिटरखाली जुन्या डिरेक्टऱ्या घालून तो उलट वर चढवलेला असतो.

रुंदवाल्यांनाही सोडत नाही. तात्यांचा ४९ इंची जवळजवळ १२० सेंमी रुंद. ६० सेंमीवर सपाट ठेवला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९० अंश. डोळे बाजूला पंधरा-वीस अंश सहज जातात, पुढे मान वळते. म्हणून तो वक्र करावा लागला. फॅशन नाही ती, मानेची सोय आहे.

धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: कारखान्यात काहीही निघो, हद्द मान ठरवणार आणि टेबलाची खोली ठरवणार. आपल्याकडची टेबलं दोन फुटी, भिंतीला चिकटलेली. दोन फुटावर ३२ इंचाच्या पुढे जाणं म्हणजे थिएटरात पहिल्या रांगेत बसणं.

---

ह्यूस्टनचा तात्या

माझी मान ठणठणीत आहे. (पण हो, उजवीकडचा मेल मी बघत नाही फारसा. आता कारण कळलं.)

---

डिजिटल गोसावी

तुम्ही सगळे बैलगाडीचं चाक केवढं असावं यावर भांडताय. दहा वर्षांनी स्क्रीनच नसेल. चष्मा घालायचा, हवेत हवी तेवढी मोठी, हवी त्या आकाराची. ऍपलच्या व्हिजन प्रोमध्ये २०२४ च्या अखेरीला मॅकची स्क्रीन दोन ५के शेजारी ठेवल्याएवढी रुंद करून दाखवलीच की. माप हा प्रश्नच संपला.

---

एक्सेलमावशी

ते डोक्यावरचं वजन किती?

---

डिजिटल गोसावी

पहिल्या मॉडेलचं ६०० ते ६५० ग्रॅम. कमी होईल हळूहळू.

---

एक्सेलमावशी

मे महिना, दादर, लोड शेडिंग, कपाळावर सव्वा पाव किलोचे दोन बटाटे बांधून बॅलन्सशीट. धन्यवाद गोसावीबुवा.

---

रात्रपाळी

मीटिंगमधे गुपचूप शेजाऱ्याची स्क्रीन बघता येणार नाही, हा खरा तोटा.

---

काचेचं घर

गोसावींना एकदम उडवून लावू नका. पण मला त्याच्या आधी दुसरी पायरी दिसते. लेनोवोने २०२५ मध्ये गुंडाळता येणाऱ्या पडद्याचा लॅपटॉप आणला. बटण दाबलं की १४ इंचाची स्क्रीन सरकत १६.७ होते. महत्त्वाचं काय, तर ती वर वाढते, बाजूला नाही. इतका खर्चिक उद्योग करून कंपनीला वाढवावीशी वाटली ती उंची. लॅपटॉपांमधे १६:१० आणि ३:२ केव्हाच परत आलेत. अडून बसलाय तो फक्त टेबलावरचा मॉनिटर, कारण तो टीव्हीच्या काचेचा पाहुणा आहे.

आणि उंच स्क्रीन नवीन नाहीच. झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये अल्टो नावाचा संगणक केला, त्याची स्क्रीन उभी होती, ६०६ बाय ८०८ ठिपके. का, तर कागद उभा असतो. पन्नासेक वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं त्यांच्यापुढे टीव्ही नव्हता, कागद होता.

---

गुलाबी पेन्सिल

आणि आमच्या पिढीपुढे फोन आहे, तोही उभाच. आम्ही व्हिडिओपण उभे बघतो. मग उभा डेस्कटॉप यायला हवा ना? कोणी तरी माझं ऐका.

---

अर्धा चहा

@गुलाबी पेन्सिल, धाग्यातला सगळ्यात दुर्लक्षित आणि बहुधा सगळ्यात बरोबर प्रतिसाद. माझा दुसरा मॉनिटर उभाच फिरवलेला आहे. स्टँड फिरणारा हवा, एवढंच. १६:९ उभा केला की मात्र फारच काठी होते, मारुतीच्या शेपटीसारखी. १६:१० किंवा ३:२ उभा केला की पान वाटतं.

---

सुईदोरा

@दीडशहाणा, एवढं सगळं वाचून तुम्ही काय घेणार? दुकानात उभं राहून काही कळत नाही, तिथे सगळेच छान दिसतात. माझं ऐका, फ्रिजचं खोकं असेल तर त्यातून मापं कापा आणि दोन-दोन दिवस टेबलावर उभी करा. ब्लाउजही आधी जुन्या कापडावर बेततात.

---

दीडशहाणा

मंडळी, सात दिवसांनी परत येतोय. सुईदोराबाईंचा सल्ला शब्दशः पाळला. शेजारी वॉशिंग मशीन आलं, त्याचं खोकं मागून आणलं. चार पुठ्ठे कापले: ६० बाय ३४ (२७ इंची), ८० बाय ३३ (३४ इंची अतिरुंद), ६० बाय ४० (२८ इंची ३:२), ५२ बाय ३२ (२४ इंची १६:१०). पाचवा उंच वाला, ४७ बाय ५२, बायकोने टेबलावर बघितला आणि विचारलं, "खिडकी बंद करताय का?" तो बाद.

मग त्यांच्यावर छापील पानं चिकटवली. डावीकडे मूळ इंग्रजी, उजवीकडे माझं मराठी, रोजच्या अक्षराच्या मापात. खुर्चीत बसून वाचलं. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.

८० बाय ३३: दोन्ही पानं ऐसपैस, आणि दोन्ही कडांना रिकामी जागा, तिचं काय करू कळेना. शिवाय डावी कड देव्हाऱ्याच्या दारात जाते. दार उघडायला मॉनिटर सरकवायचा. आईपुढे हे चालणार नाही.

६० बाय ३४: ठीक. म्हणजे लग्नातल्या जेवणासारखं, तक्रार नाही, आठवणही नाही.

६० बाय ४०: हाच आवडला. पानं पूर्ण, खाली शब्दकोशालाही जागा. पहिल्या दिवशी हनुवटी वर जात होती. चष्मेबद्दूर यांचं आठवलं, खालचे दिवाळी अंकांचे गठ्ठे काढले, मग बरं वाटलं. पण नाशकात विचारलं तर कुणाकडे नाही. "मागवून देतो, परत घेणार नाही" असं उत्तर.

५२ बाय ३२: खिळेवाल्यांचा. दोन पानं खऱ्या मापात, बरोबर बसली. हा मिळतो, आणि परवडतोही.

तर आत्ता २४ इंची १६:१०, फिरणाऱ्या स्टँडचा, घेतोय. माझी पैज मात्र ३:२ वर. दहा वर्षांनी धागा वर काढा.

---

खिळेवाला

चहा माझ्याकडून.

---

काचेचं घर

पॉवर्ससाहेबांनीही कागदच कापले होते. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की तुम्ही त्यासमोर बसून वाचलंत. बाकीचे पुठ्ठे टाकू नका.

---

दीडशहाणा

टाकायचा प्रश्नच आला नाही. दुपारी गच्चीवर गेलो तर ८० बाय ३३ आणि ६० बाय ४० दोन्ही उन्हात, वर प्लास्टिक अंथरलेलं, आणि आईच्या कुरडया. मी म्हटलं, "आई, अगं ते मॉनिटर आहेत." तिने न बघताच विचारलं, "यातला मोठा कुठला?" मी म्हटलं, रुंद मोठा. ती म्हणाली, "मग दोन्हीवर सारख्याच कशा बसल्या? आठ त्रिक चोवीस, सहा चोक चोवीस."

---

सुईदोरा

काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि ५२ बाय ३२ वर किती बसतात तेही विचारून ठेवा.